आम्ही की आपण?

२४ जून २०२५ रोजी सर्ज फिओरी गेला. वय ७३. आपल्याकडे त्याची खबर लागण्याचं काही कारण नव्हतं. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात मात्र लोक हळहळले, आणि दिवसही असा की २४ जून हा क्वेबेकचा राष्ट्रीय सण. मुळात तो सेंट जॉन द बाप्टिस्टचा दिवस, म्हणजे आपण ज्यांना हजरत यह्या अलैहिस्सलाम म्हणतो त्यांचा. १९७७ मध्ये तिथल्या सरकारने त्याला राष्ट्रीय सणाचा दर्जा दिला. त्या दिवशी निळे-पांढरे झेंडे फडकतात, मैदानांत गाण्याचे कार्यक्रम होतात. फिओरीच्या पिढीने त्या कार्यक्रमांना जी गाणी दिली ती आजही तिथे लोकांना तोंडपाठ आहेत.

फिओरी ज्या बँडचा आवाज होता त्याचं नाव ‘हार्मोनियम’. फ्रेंच लोक ‘ह’ गिळतात, म्हणून ‘आर्मोनियम’. हे नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं होतं. आपली पेटी! पण पेटी मूळची फ्रेंचच. १८४२ मध्ये पॅरिसच्या अलेक्सांद्र दबेन याने तिचं पेटंट घेतलं. पुढे ती आपल्याकडे आली, मराठी रंगभूमीने तिला डोक्यावर घेतलं, आणि १९४० मध्ये आकाशवाणीने तिला भारतीय संगीताला न मानवणारी, परकी ठरवून दाराबाहेर काढलं. ती बंदी १९७१ पर्यंत टिकली. तेवढ्या काळात ती उरुसातल्या कव्वालीत, भजनी मंडळांत, लावणीच्या बैठकीत मजेत वाजत होती. हे इथेच सांगून ठेवतो, कारण मला पुढे ज्या प्रश्नाकडे यायचं आहे तो याच जातीचा आहे.

बँडची कारकीर्द तशी छोटी. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मॉन्ट्रियाल शहरात फिओरी आणि मिशेल नॉर्मांदो यांची गाठ पडली, लुई वालवा हा बासगिटार वाजवणारा त्यांना येऊन मिळाला. १९७४ मध्ये पहिला अल्बम, १९७५ मध्ये दुसरा, १९७६ च्या नोव्हेंबरात तिसरा. दशक संपायच्या आत सगळं आटोपलं होतं. तीन स्टुडिओ अल्बम आणि मागाहून निघालेला एका मैफलीचा अल्बम, एवढीच पुंजी. पन्नास वर्षं त्यावर एक आख्खा समाज जगतोय असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण फार मोठी नाही.

त्या समाजाबद्दल थोडं सांगायला हवं. तेव्हाचं क्वेबेक म्हणजे साठ लाखांच्या आसपास वस्ती, त्यातले ऐंशी टक्के लोक फ्रेंच मातृभाषेचे, आणि चारी बाजूंनी इंग्रजीचा समुद्र. बहुसंख्य असूनही आपल्याच प्रांतात ते दुय्यम होते. कारखान्याचा मालक इंग्रज, मुकादम इंग्रजीत ओरडणारा, मोठ्या दुकानांतली विक्रेतीही इंग्रजीच बोलणार. फ्रेंच बोलणाऱ्याला ‘गोऱ्यांच्या भाषेत बोल’ असं हिणवलं जायचं. लक्षात घ्या, हे गोऱ्यांनी गोऱ्यांना म्हटलेलं आहे. साठच्या दशकात कॅनडा सरकारने नेमलेल्या द्विभाषिकतेच्या आयोगाने क्वेबेकमधल्या निरनिराळ्या वंशगटांच्या उत्पन्नाची तुलना केली, तेव्हा फ्रेंच मुळाचे लोक जवळजवळ तळाशी निघाले. त्यांच्याही खाली होते इटालियन, आणि सगळ्यांत शेवटी तिथले मूळ आदिवासी.

आता फिओरी हे आडनाव पुन्हा वाचा. ते इटालियन आहे.

सर्जचे वडील जॉर्ज फिओरी हे मॉन्ट्रियालच्या इटालियन समाजातले. लग्नांत आणि नाचाच्या कार्यक्रमांत वाजवणारा त्यांचा स्वतःचा वाद्यवृंद होता, आणि सर्ज कोवळ्या वयातच त्यात गिटार घेऊन बसायला लागला. म्हणजे सुरांची तालीम झाली ती परगावाहून आलेल्यांच्या वऱ्हाडी मंडळींसमोर. याच काळात त्याच शहरात, सां-लेओनार नावाच्या उपनगरात, इटालियन आणि फ्रेंच एकमेकांच्या अंगावर गेले होते. १९६८ मध्ये तिथल्या शाळा मंडळाने ठरवलं की नव्याने दाखल होणाऱ्या स्थलांतरितांच्या मुलांना फ्रेंचमध्येच शिकवायचं. इटालियन आईबापांना मुलं इंग्रजीत शिकायला हवी होती, कारण नोकरी इंग्रजीत मिळायची. त्यांचा हिशोब चुकीचा नव्हता. १९६९ च्या सप्टेंबरात मोर्चे निघाले, मारामाऱ्या झाल्या. आणि यानंतर पाचच वर्षांत एका इटालियन बापाचा मुलगा फ्रेंचमध्ये गायला लागला आणि क्वेबेकच्या तरुणांना वाटलं, हा आपल्याच पोटातलं बोलतोय.

मला हा बँड ऐकायला आवडतो तो आधी संगीतासाठी. राजकारण नंतर. पहिला अल्बम अगदी साधा, गिटारींचा. फिओरीची बारा तारांची गिटार, पातळसा पण टोचणारा आवाज, आणि शेवटी एक गाणं, ‘अनेकांमधला एक वादक’ अशा अर्थाच्या नावाचं. नाव पाहा. पुढे ज्याला एका राष्ट्राचा आवाज म्हणून मखरात बसवलं, त्याने आपली ओळख अशी करून दिली होती.

दुसरा अल्बम मात्र कमाल आहे. ‘जर आपल्याला पाचवा ऋतू लागलाच तर’ असं काहीसं त्याचं लांबलचक नाव. पाच रचना. चार ऋतूंच्या चार, पाचवी त्या नसलेल्या ऋतूची. रॉक म्हणवणाऱ्या या अल्बमात ड्रम नाहीत. ज्यांनी त्या काळातलं इंग्लंडचं प्रोग्रेसिव्ह रॉक ऐकलंय त्यांना हे किती धाडसाचं होतं ते कळेल. तिकडे ड्रमवाल्याच्या भोवती वाद्यांचे किल्ले उभे राहत होते. इथे बासरी, सनईच्या कुळातली क्लॅरिनेट, अकॉर्डियन आणि मेलोट्रॉन नावाचं ते जुनं यंत्र, ज्यात प्रत्येक पट्टीमागे एका वाद्याची टेप असते. पट्टी दाबली की दूरच्या खोलीत कुणीतरी व्हायोलिनं वाजवतंय असं वाटतं. ‘शरद आल्यापासून’ या तिसऱ्या रचनेत हे यंत्र असं काही भरून येतं की खिडकी लावावीशी वाटते. ‘रोलिंग स्टोन’ मासिकाने २०१५ मध्ये या प्रकारातल्या ५० सर्वोत्तम अल्बमांची यादी केली तेव्हा हा फ्रेंच अल्बम त्यात होता. इंग्रजी मासिक, इंग्रजी बँडांची यादी, आणि मध्येच हा.

पाचव्या रचनेचं नाव ‘शब्दांवाचूनच्या गोष्टी’. सतरा मिनिटांची. या बँडची अल्बममधली सर्वांत मोठी जागा त्यांनी शब्दच नसलेल्या रचनेला दिली. भाषेच्या लढ्याचा झेंडा म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवलं जातं त्यांनी! त्यात मध्ये एक बाई आलापासारखं गाते. ती ज्युडी रिचर्ड्स, टोरंटोची, मातृभाषा इंग्रजी. आपल्याकडे अशा वेळी कुणीतरी नक्की विचारलं असतं, आपल्यात गायिका मेल्यात का?

तिसरा अल्बम ‘एप्टाद’. सात या आकड्यावरून घडवलेला शब्द. माणूस जाणिवेच्या सात पायऱ्या चढतो अशी त्याची कल्पना. पहिलं गाणं ‘वेड्यासारखा’, शेवटचं ‘शहाण्यासारखा’, मध्ये एकाचं नाव ‘पहिलं आसमान’, एकाचं ‘वनवास’. मुसलमान घरात वाढलेल्याला सात म्हटलं की सात आसमान आठवतात, अत्तारच्या पक्ष्यांनी ओलांडलेल्या सात दऱ्या आठवतात. फिओरीने अत्तार वाचला होता असा माझा दावा अजिबात नाही. साताचं वेड जगभर आहे. पण ‘एप्टाद’ ऐकताना मला सूफी मंडळींच्या मुक्कामांची आठवण होते खरी, कारण यात वेडेपणाला शहाणपणाच्या विरुद्ध टोकावर बसवलेलं नाही, तो वाटेतलाच एक टप्पा आहे. वाद्यवृंदाची बांधणी नील शोटेमची. हा सॅस्काटूनचा, म्हणजे कॅनडाच्या पश्चिमेकडच्या इंग्रजी मुलुखातला जन्म. गाण्यात फिओरीच्या जोडीला मोनिक फोतोचा आवाज आहे, आणि एका गाण्यात तर तीच पुढे आहे. नॉर्मांदो मात्र या अल्बमच्या घडणीतच बाहेर पडला. दोघांनी सुरू केलेलं घर आता एकट्याच्या खांद्यावर आलं, आणि ते त्याला पेलवलं नाही. फिओरीला स्टेजची धास्ती होती, मनाची दुखणी होती, त्याबद्दल पुढे तो मोकळेपणी बोलला. अल्बम नीट ऐकला तर वेगळं सांगावं लागत नाही.

‘एप्टाद’ निघाला तो महिना म्हणजे १९७६ चा नोव्हेंबर. १५ तारखेला रने लेवेक यांचा पार्ती केबेक्वा हा क्वेबेक स्वतंत्र करू पाहणारा पक्ष निवडून आला. झालं. बँड आणि पक्ष एका फोटोत चिकटले ते कायमचे. त्याच वर्षी जूनच्या सणाला मॉन्ट्रियालच्या डोंगरावर प्रचंड गर्दीपुढे त्या पिढीचे गायक गायले होते. लोकांना गाणं आणि निवडणूक ही एकाच आनंदाची दोन तोंडं वाटली तर नवल नाही. पण गाण्यांत घोषणा नाहीत. ऋतू आहेत, एकटेपणा आहे, आपलं नाव विसरायला झालेला माणूस आहे. घोषणा ऐकणाऱ्यांनी घातल्या.

१९७७ मध्ये बँड कॅनडाभर फिरला. फ्रेंचमध्येच गात. व्हँकुव्हरला, म्हणजे क्वेबेकपासून जवळजवळ चार हजार किलोमीटर दूर असलेल्या इंग्रजी शहरात, त्यांनी ‘एप्टाद’ वाजवला आणि तेच ध्वनिमुद्रण १९८० मध्ये अल्बम म्हणून निघालं. शब्द कळत नसलेले लोक टाळ्या वाजवतायत, मध्येच गप्प होऊन ऐकतायत, हे त्यात ऐकू येतं. पुढे ते कॅलिफोर्नियालाही गेले. त्या दौऱ्यावर कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळाचा एक माहितीपट आहे. १९७८ मध्ये फिओरीने रिशार सेगँबरोबर एक सुंदर अल्बम केला आणि हार्मोनियम तिथेच विझला. २० मे १९८० ला स्वातंत्र्याच्या प्रश्नावर सार्वमत झालं, जवळजवळ ६० टक्के लोकांनी नाही म्हटलं. त्यानंतर क्वेबेकची गाणीही काही वर्षं गप्प गप्पच होती.

आता माझा मुद्दा.

फ्रेंचमध्ये ‘नू’ असा एकच शब्द आहे. इंग्रजीतही एकच. मराठीत मात्र दोन आहेत, आम्ही आणि आपण. ‘आम्ही’ म्हटलं की समोरचा बाहेर, ‘आपण’ म्हटलं की तोही आत. दर वाक्याला मराठी माणसाला हे ठरवावं लागतं. क्वेबेकचं सगळं राजकारण त्या ‘नू’भोवती फिरत आलंय आणि मला दर वेळी प्रश्न पडतो, मराठीत याचं भाषांतर काय करायचं?

१९७७ च्या ऑगस्टमध्ये लेवेक सरकारने फ्रेंच भाषेची सनद, म्हणजे प्रसिद्ध ‘कायदा १०१’ आणला. सरकारी कारभार, कामाची जागा, दुकानाची पाटी फ्रेंच, आणि स्थलांतरितांच्या मुलांनी शिकायचं फ्रेंच शाळेत. इंग्रजी वर्तमानपत्रांनी आकांत केला. मला तो कायदा योग्य वाटतो, आणि हे मी अल्पसंख्याक म्हणूनच म्हणतो. ज्या भाषेला बाजार गिळायला बसलाय तिला कायद्याचा टेकू लागतो. शिवाय भाषा शिकता येते. इटालियनाचं पोर शिकतं, हैतीहून आलेल्याचं शिकतं, लेबनॉनच्या दुकानदाराचं शिकतं, आणि शिकताना त्याला आपलं काही टाकून द्यावं लागत नाही. घरी आजीशी अरबी बोलणारी, शाळेत फ्रेंच, रस्त्यावर इंग्रजी अशी एक पिढीच त्या कायद्याने घडवली. हा ‘नू’ म्हणजे ‘आपण’. दार आहे, उंबरठा आहे, उंबरठा ओलांडायची रीतही ठरलेली आहे.

मग १९९५. ३० ऑक्टोबरला दुसरं सार्वमत झालं आणि ५०.५८ टक्के मतांनी स्वातंत्र्याची बाजू हरली. केसाएवढ्या फरकाने. त्या रात्री प्रांताचे पंतप्रधान जाक पारिझो यांनी पराभवाचं खापर पैसा आणि वांशिक मतं यांच्यावर फोडलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पायउतार होत असल्याचं जाहीर केलं, पण शब्द राहिले. त्या रात्री ‘नू’चं भाषांतर ‘आम्ही’ झालं.

क्वेबेकने गेल्या काही दशकांत स्थलांतरित निवडताना फ्रेंच येणाऱ्यांना झुकतं माप दिलं. साहजिकच अल्जीरिया, मोरोक्को, ट्युनिशियाचे मुसलमान मोठ्या संख्येने आले. भाषा घेऊनच आले. २९ जानेवारी २०१७ च्या रात्री क्वेबेक शहरातल्या मशिदीत इशाच्या नमाजनंतर एका तरुणाने गोळ्या झाडल्या. सहा जण शहीद झाले. अल्जीरिया, मोरोक्को, ट्युनिशिया आणि गिनी इथून आलेले. एक विद्यापीठात प्राध्यापक, एक किराणा दुकान चालवणारा. सगळे फ्रेंच बोलणाऱ्या मुलखांतले. ज्या भाषेसाठी इतकं रण माजलं ती त्यांना येत होती.

आणि १६ जून २०१९ ला ‘कायदा २१’ झाला. सरकारी वकील, पोलीस आणि सरकारी शाळेतले शिक्षक यांनी कामावर धार्मिक चिन्ह घालायचं नाही. हिजाब, पगडी, किप्पा, क्रॉस, सगळ्यांना सारखंच लागू, असं सांगितलं जातं. आधीपासून नोकरीत असलेल्यांना त्याच पदावर असेपर्यंत सूट. हक्कांच्या सनदेला वळसा घालण्याची जी तरतूद कॅनडाच्या संविधानात आहे तिचा आधार कायद्यातच घेतला गेला, म्हणजे धर्मस्वातंत्र्याचा दाखला देऊन कोर्टात जायची वाट आधीच अरुंद. २०२१ च्या डिसेंबरात चेल्सी गावच्या एका प्राथमिक शिक्षिकेला हिजाबमुळे वर्गातून काढून दुसरं काम दिलं गेलं. शाळा इंग्रजी मंडळाची होती, म्हणजे भाषेचा तिथे संबंधच नव्हता. मुलांनी आणि पालकांनी शाळेच्या कुंपणाला हिरव्या फिती बांधल्या.

क्वेबेकची बाजू मला समजते, हे प्रामाणिकपणे सांगतो. १९६० पर्यंत तिथल्या शाळा, दवाखाने, बायकांची बाळंतपणं, सगळ्यावर कॅथलिक चर्चची पकड होती. ती झुगारून दिली त्या पिढीने, फिओरीच्या पिढीने आणि तिच्या थोरल्या भावंडांनी. धर्माचं चिन्ह दिसलं की त्यांच्या पोटात गोळा येतो. पण चर्चच्या हातात सत्ता होती. हिजाब घालून तिसरीच्या वर्गाला वजाबाकी शिकवणाऱ्या बाईच्या हातात खडू आहे. आणि विधिमंडळाच्या सभागृहात १९३६ पासून टांगलेला क्रूस हलला तो थेट २०१९ च्या जुलैमध्ये, शिक्षिकांचा डोक्यावरचा रुमाल कायद्यात आल्यानंतर.

भाषा शिका ही अट मी मान्य करतो. तुमच्या अंगावरचं काढून या, ही अट करत नाही. पहिल्या अटीत माणसात भर पडते, दुसरीत वजाबाकी होते. या दोन्ही कायद्यांना ‘क्वेबेकची अस्मिता’ अशा एकाच पिशवीत कोंबणारे दोन्हीकडे आहेत. तिथले राष्ट्रवादी अभिमानाने कोंबतात, आणि उरलेल्या कॅनडातले कित्येक इंग्रजीवाले, ज्यांना फ्रेंच पाटीसुद्धा खुपते, ते कुत्सितपणे. या दुसऱ्यांच्या कळवळ्यावर मुसलमानांनी फार विसंबू नये असं मला वाटतं.

मराठी मुसलमानाला यातलं काय टोचतं ते त्याला सांगायला नको. आयुष्यात पन्नासदा तरी ऐकलेलं वाक्य आहे, ‘अरे वा, तुम्ही मराठी छान बोलता.’ बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. मी हल्ली ‘तुम्हीपण’ असं उत्तर देतो. काही हसतात, काहींना दोन मिनिटांनी कळतं.

कलाकाराच्या तोंडी मी माझं मत घालणार नाही. फिओरी क्वेबेकवर जीव टाकणारा माणूस होता आणि त्याच्या चाहत्यांत कायदा २१ चे समर्थकही भरपूर असणार. मी बोलतोय ते रेकॉर्डबद्दल. इटालियन वाद्यवृंदवाल्याचा पोरगा, टोरंटोची गायिका, सॅस्काटूनचा संगीत-संयोजक आणि मॉन्ट्रियालची फ्रेंच पोरं, यांनी मिळून जे केलं त्याला क्वेबेक आपला आत्मा म्हणतं. २०२० मध्ये मॉन्ट्रियालच्या सिम्फनी वाद्यवृंदाने सिमाँ लक्लेर यांच्या बांधणीतून ही सगळी गाणी नव्याने वाजवली. त्या अल्बमला नाव दिलं ते त्या बिनशब्दांच्या सतरा मिनिटांचं.

ऐकायचं असेल तर दुसऱ्या अल्बमपासून सुरुवात करा, पहिल्यापासून नको. रात्री, मोबाइलच्या स्पीकरवर नाही, हेडफोन लावून. पहिल्या चार ऋतूंत शब्दांच्या मागे धावू नका. पाचव्यात बासरी संपत आली की ज्युडीचा आवाज येतो. ‘एप्टाद’ त्यानंतर आठवड्याने, एका बैठकीत. आणि व्हँकुव्हरची मैफल सगळ्यांत शेवटी.